कॉलेजच्या मुलांना खोल्या द्यायच्या तर आधी काय काय बघावं? (बेळगाव)

मालनवैनी

नमस्कार मंडळी.

आमचं घर हिंदवाडीत. वर दोन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर आणि गच्ची. हे गेल्यापासून त्या वरच्या मजल्याचं भाडं हाच माझा महिन्याचा आधार आहे. येत्या रविवारी तीन मुलं खोल्या बघायला येणार आहेत. तिघंही उद्यमबागेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एक चंदगडकडचा, एक बागलकोटचा, एक कारवारचा. फोनवर बोलणं अदबीचं होतं. तरी माझं मन धजत नाही. का ते आधी सांगते, मग तुम्ही मला सांगा.

दोन वर्षांमागं मी पहिल्यांदा कॉलेजच्या मुलांना घर दिलं. चौघं आले होते. मी काय बघितलं? आडनाव बघितलं, इस्त्रीचे शर्ट बघितले, आल्या आल्या पाया पडले ते बघितलं. एकानं वडिलांचा नंबर दिला. फोन लावला, तर पलीकडून भारदस्त आवाज: "वैनी, काळजी करू नका, आमचा मुलगा तसला नाही." मला तेवढ्यानं बरं वाटलं. आधारच्या झेरॉक्स घेतल्या, तीस हजार अॅडव्हान्स घेतला, किल्ली दिली. करार केला नाही. एजंट म्हणाला, पोरंच आहेत की हो, कशाला कागद.

दिवाळीनंतर वर माणसं वाढायला लागली. मला जिन्यातल्या चपला मोजायची सवयच लागली. एका सकाळी अकरा जोड होते. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड येतो. चौघांना दोन दिवस सहज पुरणारी टाकी सकाळी आठलाच कोरडी. वर जाऊन विचारलं की, "काकू, मित्र आलेत अभ्यासाला." जानेवारीत मूळच्या चौघांतले दोघं सोडून गेले, ते मला मार्चमध्ये कळलं. राहिलेल्यांनी त्यांच्या वाट्याचं भाडं द्यायला हात वर केले. मग मी वडिलांच्या त्या नंबरला फोन लावला. तोच आवाज. म्हटलं, तुम्ही एकदा येऊन जा. तर तो रडवेला होऊन म्हणाला, "काकू, मी त्याचा बाप नव्हे. मी त्याचा सीनियर."

खरे वडील मला नंतर भेटले. एसटीतून उतरून सरळ आमच्याकडे आले, हातात कापडी पिशवी, तीत आमच्यासाठी नाचणीचं पीठ. मुलानं खोली सोडल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. भाड्याचे पैसे ते दर महिन्याला त्याच्या खात्यावर घालत होते. पायरीवर बसून राहिले, पुढ्यातला चहा गार झाला. माझे चार महिन्यांचे पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्यांना मी पहिल्याच दिवशी भेटले असते, तर त्यांच्यावर असं बसायची पाळी आली नसती, असं मला अजून वाटतं.

आमच्या गल्लीत बऱ्याच घरांवर "फक्त फॅमिलीसाठी" अशी पाटी आहे. मला ती लावायची नाही. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांनी राहायचं कुठं? तेव्हा मुलांचा अपमान न होता काय विचारावं, कोणते कागद घ्यावेत, आणि कशाकडे बघूच नये, ते सांगा.

अनगोळकर

वैनी, मी बारा वर्षं मुलांना खोल्या देतो आहे. माझी एकच गोष्ट ऐका, डोकी मोजून करारात नावं घाला. "चार मुलं" असं लिहू नका, चौघांची पूर्ण नावं लिहा. पाहुणा आला तर किती रात्री, तेही लिहा. मी महिन्याला तीन रात्री ठेवतो, त्याच्या पुढे मला विचारायचं. एक जण सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तर तो आधी मला भेटेल, त्याचं नाव कागदावर चढेल, मगच त्याचं अंथरूण वर जाईल.

आणि किल्ली देताना सगळ्या भिंतींचे, नळांचे, बाथरूमच्या फरशीचे फोटो काढून त्यांनाच पाठवा. सोडताना अॅडव्हान्समधून किती कापायचे यावर जी भांडणं होतात, त्यातली बरीचशी तिथंच मिटतात. आमच्याकडे एका मुलानं टॉवेल वाळत घालायला भिंतीत सहा खिळे ठोकले होते. फोटो होता, म्हणून तो काही न बोलता रंगाचे पैसे देऊन गेला.

टिळकवाडी_जुनं_घर

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझा अनुभव असा की मराठी मुलंच घ्यावीत, त्यातही आपल्या भागातली. बोलायला सोपं, घरच्यांची चौकशी करता येते. लांबच्या मुलांची चौकशी करायची कुणाकडे? आणि मांसाहारी नकोत. आमच्या घरात चालत नाही.

गणेशपूरची_लेक

वैनी, वरच्या प्रतिसादाला मी मनापासून विरोध करते. माझ्या माहेरची गोष्ट सांगते.

आमच्या बाबांचंही असंच मत होतं. एका जूनमध्ये खोली रिकामी पडली, म्हणून नाइलाजानं बागलकोट जिल्ह्यातल्या एका मुलाला दिली. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, बाबांचं कन्नड बाजारापुरतं. पहिल्या दिवशी त्याची आई आली. डब्यात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाची चटणी. आईला ती म्हणाली काय, ते आईला कळलं नाही, पण तिनं मुलाचा हात धरून आईच्या हातात दिला, ते कळलं. तो मुलगा चार वर्षं राहिला. पाच तारखेच्या आत भाडं. बाबांना रात्री छातीत दुखलं तेव्हा रिक्षा शोधायला तोच पळाला. त्याच काळात आमच्याच भावकीतल्या एकाला खालची खोली दिली होती, त्याच्याकडून भाडं काढायला नातेवाईकांची बैठक बसवावी लागली.

भाषेवरून आणि आडनावावरून माणूस कळत असता तर मालनवैनींना तो अनुभव आलाच नसता. त्यांनी आडनावच तर बघितलं होतं. आपण मराठी माणसं या गावात भाषेवरून काय काय सोसतो, ते आपल्याला माहीत आहे. तेच आपण कुणाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दारात उभं करून द्यायचं का? लांबच्या मुलाची चौकशी करता येत नाही म्हणता, तर त्याच्या आधीच्या घरमालकाला विचारा. तो तर बेळगावातच असतो.

जेवणाचं म्हणाल तर तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजावं ते तुमचं. पण स्वतंत्र मजला दिल्यावर त्याच्या ताटात डोकावू नये, असं माझं मत आहे. ज्यांना चालतच नाही त्यांनी ते फोनवरच, खोली दाखवायच्या आधी सांगावं. मालवणचं पोर बॅग घेऊन दारात आल्यावर नव्हे.

मच्छेकर

१९९८ ला व्हीटीयू (कर्नाटकातलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) झालं तेव्हापासून आमच्याकडे खानापूर रोडला मुलं खोल्या विचारत येतात. कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली, त्यातली एक कामाची गोष्ट सांगतो.

व्हीटीयूच्या प्रत्येक मुलाला यूएसएन, म्हणजे विद्यापीठानं दिलेला स्वतःचा नंबर असतो. तो बहुतेक ओळखपत्रावरच छापलेला असतो. तो वाचायला शिका. पहिला आकडा विभागाचा, आपल्या बेळगाव विभागाचा २. पुढची दोन अक्षरं कॉलेजची. मग दोन आकडे प्रवेशाच्या वर्षाचे, २०२३ ला आला असेल तर २३. मग दोन अक्षरं शाखेची, सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, एमई म्हणजे मेकॅनिकल, ईसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. शेवटी तीन आकडे त्याचा क्रमांक. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचे क्रमांक चारशेपासून पुढे असतात. म्हणजे मुलगा जे तोंडी सांगतो, ते या दहा अक्षरांशी जुळतं का, ते अर्ध्या मिनिटात कळतं. मेकॅनिकल म्हणाला आणि यूएसएनमध्ये सीएस निघालं, तर विचारायला हरकत नाही.

पहिल्या सेमिस्टरच्या मुलाकडे यूएसएन लगेच नसतो. त्याच्याकडून प्रवेशाच्या फीची पावती बघा.

पण एक विनंती. किती विषय राहिलेत, मार्क किती, हे विचारू नका. बॅकलॉग असलेला मुलगा वाईट भाडेकरू नसतो. उलट राहिलेल्या विषयांमुळे सुट्टीतही अभ्यासाला इथंच थांबणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि मूळ मार्क्स कार्ड ठेवून घेणारे काही घरमालक आहेत, ते तर अगदी चूक. मुलाचं आयुष्य त्या कागदावर आहे, तो आपल्या कपाटात कसा ठेवायचा?

वकीलताई_खानापूर

मच्छेकर दादांनी मार्क्स कार्डचं लिहिलं ते बरं केलं. आता कायद्याचं, जितकं घरमालकाला रोज लागतं तितकंच लिहिते.

वय आधी बघा. अठरा पूर्ण नसलेल्याशी केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही, १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजी अमलातलं सर्वांत वरचं कोर्ट) निकालापासून हे पक्कं आहे. पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं बहुतेक सोळा-सतरा वर्षांची असतात. तिथं करार आई किंवा वडिलांच्या नावानं करा, "राहणार आमचा मुलगा" असं लिहून. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं सहसा अठराच्या पुढे असतात, पण जन्मतारीख बघूनच पुढे जा.

करार अकरा महिन्यांचा करायची पद्धत का पडली? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला ती लागत नाही. पण ई-स्टॅम्पवर करा, दोन साक्षीदार घ्या. कागद कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर सही करायच्या आधी कुणाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. तिघांतल्या बागलकोटच्या मुलालाच वाचायला सांगा. त्यालाही कळेल, तुम्हालाही.

वैनी, तुमचं नुकसान ज्या एका वाक्यानं टळलं असतं ते हे: "भाड्याची जबाबदारी तिघांची मिळून आणि प्रत्येकाची स्वतंत्रपणे राहील." एक जण गेला तरी उरलेल्यांकडे पूर्ण भाडं मागता येतं. पालकांपैकी एकाची जामीनदार म्हणून सही घेतलीत तर अधिकच चांगलं.

सोडायची मुदत लिहून ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर महिन्याच्या भाड्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ पंधरा दिवसांची नोटीस धरतो. विद्यार्थ्यांसाठी एक महिना लिहिलेला बरा, कारण नवीन मुलं मिळायचा हंगाम ठरलेला असतो. घर ज्या स्थितीत दिलं त्या स्थितीत परत करायची जबाबदारी भाडेकरूची, पण रोजच्या वापरानं होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. रंग फिका पडला म्हणून अॅडव्हान्स कापता येणार नाही. अनगोळकरांचे सहा खिळे, ते कापता येतात.

भाडं थकलं म्हणून पाणी तोडायचं, फ्यूज काढायचा, कुलूप बदलायचं, हे करू नका. कितीही राग आला तरी नाही. तिथं तुमची बाजू पडते.

आधारची झेरॉक्स घेताना मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ओळख पटवायला तेवढे पुरतात. झेरॉक्सवर "भाडेकरारासाठी, अमुक तारीख" असं मुलाच्या हातानं आडवं लिहून घ्या, म्हणजे तो कागद भलतीकडे वापरला जाणार नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. मुलांना आधीच सांगा की सगळ्यांचीच देते, म्हणजे त्यांना ते लागत नाही.

नेहरूनगर_काका

आमच्याकडे मेडिकलची मुलं असतात, अधूनमधून मलेशियाचीही. एवढंच सांगायचं होतं: परदेशी विद्यार्थी असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याच्या राहण्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद (आधी तिला सी-फॉर्म म्हणायचे) करावी लागते. ते काम घरमालकाचं. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

सावंतवाडीची_सई

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी पाच वर्षं बेळगावात भाड्यानं राहिले.

पहिल्या घरी मालकीणबाईंनी मला विचारलं: मित्र आहे का, रात्री फोनवर कुणाशी बोलतेस, घरी कधी गेलीस की किती दिवसांनी येतेस, आईवडिलांचं पटतं का. त्यांच्या दृष्टीनं ही चौकशी होती. मी अठरा वर्षांची होते आणि खोलीची गरज होती, म्हणून उत्तरं दिली. मग एका दुपारी कॉलेजातून लवकर आले, तर त्या माझ्या खोलीत, माझं कपाट उघडं, गादीवर माझ्या वह्या पसरलेल्या. म्हणाल्या, "झाडायला आले होते." दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. मी काही बोलले नाही. त्या रात्री दाराला आतून खुर्ची लावून झोपले. महिनाभरात ते घर सोडलं.

दुसरं घर शहापूरला, एका विणकर कुटुंबात. खाली मागाचा आवाज दिवसभर. त्या आजोबांनी फक्त चार गोष्टी विचारल्या. कोणत्या कॉलेजात, भाडं कोण देणार, आजारी पडलीस तर कुणाला फोन करायचा, आणि रात्री उशीर झाला तर फाटक कोण उघडणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं: "मी उघडेन, पण आधी फोन कर, मला ऐकू कमी येतं." त्या घरी मी चार वर्षं राहिले.

वैनी, तुम्ही काय बघूच नये असं विचारलंत, ते फार चांगलं केलंत. जे उत्तर ऐकून तुम्ही खोली देणं किंवा नाकारणं बदलणार नाही, तो प्रश्न विचारूच नका. आणि मुलीला जो प्रश्न विचाराल तो मुलालाही विचारता का, ते स्वतःशी बघा. मालकानं खोलीत यायचं तर आदल्या दिवशी सांगून, ही ओळ करारात घाला. मुलं ती वाचतात. माझा लहान भाऊ आता खोली शोधतोय, त्याला मी हीच ओळ आधी बघायला सांगितली आहे.

शहापूरचा

सईताई, आमच्याच बाजूला राहून गेलात म्हणायच्या.

वैनी, विजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वरच्या मजल्याला वेगळं मीटर आहे का? नसेल तर आधी सब-मीटर बसवा. असेल तर २०२३ पासून गृहज्योतीमुळे (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) नवीन घोळ सुरू झालाय. दोनशे युनिटच्या आत वापर असेल तर बिल शून्य, पण मर्यादा त्या मीटरच्या २०२२-२३ च्या सरासरीवर थोडी वाढ धरून ठरते. तुमच्या वर तेव्हा दोन माणसं राहत असतील, तर सरासरी कमी, आणि मुलांना त्याच्या वरच्या युनिटचे पैसे भरावे लागणार. दोनशेच्या पुढे गेलं तर पूर्ण बिल. मुलं इंडक्शन वापरतात, बादलीत पाणी तापवायची कॉइल लावतात. त्यामुळं आधीच बोला, गेल्या वर्षीची बिलं दाखवा.

दुसरं, मीटरला आधार मुलाचं जोडलं असेल तर सोडून जाताना ते त्यानं काढून घ्यायला हवं. नाहीतर पुढच्या भाडेकरूचं जोडता येत नाही आणि तो मुलगा तोवर बेंगळूरला नोकरीला गेलेला असतो. मी अॅडव्हान्सचे शेवटचे दोन हजार हे काम झाल्यावरच परत देतो, आणि तसं करारात लिहितो.

टिळकवाडी_जुनं_घर

गणेशपूरच्या ताईंचं वाचून रात्री विचार करत होतो. आधीच्या घरमालकाला विचारायचं मला सुचलंच नव्हतं, हे खरं. मी गाववाल्यांनाच विचारत आलो. खाण्याचं मात्र मी बदलणार नाही, पण तुम्ही म्हणता तसं फोनवरच सांगेन.

एक विचारतो: आधीचा घरमालक खरं सांगतो का? त्याला ती मुलं घालवायची असतील तर चांगलंच सांगणार.

अनगोळकर

त्याला "मुलं कशी आहेत" असं विचारूच नका. विचारा, भाडं कोणत्या तारखेला द्यायची, अॅडव्हान्समधून किती कापलेत, आणि परत कधी खोली रिकामी झाली तर त्यांनाच द्याल का. तिसऱ्या प्रश्नाला माणूस थबकला की कळतं. आणि जमलं तर फोनपेक्षा चालत जाऊन विचारा. शेजारीही भेटतात.

चंदगडचा_बाप

मी घरमालक नाही. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी बेळगावला शिकायला आला. वैनींनी त्या नाचणीच्या पिठाच्या पिशवीचं लिहिलं, ते वाचून राहवलं नाही.

आम्हाला घरमालकाचा नंबर मागायची भीड वाटते. मुलगा म्हणतो, "पप्पा, मी बघतो ना." वाटतं, पोराला मोठा झाल्यासारखं वाटतंय, कशाला मोडता घालायचा. एजंट पैसे घेतो, खोली दाखवतो, बाप गावात. माझ्या मुलाच्या घरमालकांनी मात्र पहिल्याच आठवड्यात स्वतःहून मला फोन केला आणि म्हणाले, "दादा, महिन्यातून एकदा आपण दोघं बोलू, मुलाची तक्रार म्हणून नव्हे." तेव्हापासून पाच तारखेला मी त्यांना करतो. भाडं पोचलं का एवढं विचारतो, मग पाऊस, भात, काजू. मुलाला हे माहीत आहे, चोरून काही नाही. एकदा त्याला काविळ झाली, तर त्याच्या आधी मला त्यांनी कळवलं.

पालकांना बोलवा म्हणता, ते योग्यच. पण आमच्याकडून यायचं तर शिनोळीपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद होतात, कधी एक दिवस, कधी जास्त. शेतीची कामं असतात. तेव्हा एका ठरावीक दिवशी आलाच पाहिजे असं म्हणू नका, पंधरा दिवसांत कधीही या म्हणा, आणि रविवार द्या. आणि वैनी, आम्ही आलो की आम्हालाही घर दाखवा. बाथरूमची कडी लागते का, स्वयंपाकघरात सिलिंडर कुठं ठेवायचा, हे बापाला बघावंसं वाटतं.

मालनवैनी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. वकीलताई, ते एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सई, तुझी खुर्चीची गोष्ट वाचून मी माझ्याकडची वरची दुसरी किल्ली पाकिटात घातली, वर तारीख टाकली आणि पाकीट चिकटवलं. मुलांच्या सहीनं ते बंद राहील, उघडायची वेळ आली तर त्यांना फोन करून.

चंदगडच्या दादा, तुमच्या पाच तारखेचं मी उचलते आहे. रविवारचं झाल्यावर लिहीन.

मालनवैनी

रविवार झाला, लिहिते.

मुलांना मी आधीच फोनवर सांगितलं होतं: ओळखपत्र आणा, आधीच्या घरमालकाचा नंबर द्या, आणि घरचं कुणीतरी मोठं माणूस पंधरा दिवसांत भेटू दे. हेही सांगितलं की हे सगळ्यांसाठी आहे, तुमच्यावर संशय म्हणून नाही. बागलकोटचा म्हणाला, "आंटी, मागच्या मालकांनी आम्हाला काहीच विचारलं नव्हतं, आणि नंतर रोज विचारत होते."

मागचं घर वडगावला. शनिवारी संध्याकाळी चालतच गेले. घरमालक जरा तुटक बोलले, पण भाडं वेळेवर द्यायचे हे म्हणाले. खोली का सोडली विचारलं, तर भाडं अडीच हजारांनी वाढवलं म्हणून. समोरच्या घरातल्या बाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, रात्री गच्चीवर गाणी लावायचे, पण सांगितलं की बंद करायचे. मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मुलांना मी गाण्यांचं स्पष्ट विचारलं. कारवारचा लाजला आणि म्हणाला, स्पीकर त्याचाच आहे. दहा वाजता बंद, असं ठरलं. लिहिलंही.

यूएसएन बघितला, मच्छेकर दादा. तिघांचाही जुळला. चंदगडच्या मुलाचा क्रमांक चारशेच्या पुढचा, डिप्लोमा करून आलेला. मी सांगितल्यावर तो चकित झाला, "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

कारवारच्या मुलाची आई रात्रीच्या बसनं आली होती. आधी स्वयंपाकघरात गेली, सिंकच्या खाली हात घालून पाइप ओला आहे का बघितलं. ओला होता. मला माहीत नव्हतं. सोमवारी प्लंबर आणला. मग तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे रात्री कोण असतं?" मी म्हटलं, मी एकटीच. ती म्हणाली, "मग आमच्या मुलांना तुमच्या शेजाऱ्यांचाही नंबर द्या. तुम्हाला काही झालं तर त्यांनी कुणाला हाक मारायची?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शेजारच्या भाऊजींचा नंबर करारातच लिहिला.

बागलकोटच्या मुलाचे मामा बेळगावातच नोकरीला आहेत, ते आले. त्यांनी कन्नड करार मोठ्यानं वाचला, चंदगडच्या मुलाचे वडील त्याचं मराठी माझ्याकडून ऐकत होते, मी अडले की मामा परत सांगत. एक तास लागला. तिघांचं मिळून आणि प्रत्येकाचं स्वतंत्र, ते वाक्य आलं तेव्हा चंदगडचे वडील थांबले. म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याचा मुलगा गेला तर आम्ही भरायचं?" मी हो म्हटलं, आणि माझं मागचं सगळं सांगितलं. मग तिघा मोठ्यांनी आपापसात बोलून ठरवलं की एक जण सोडणार असेल तर महिनाभर आधी तिन्ही घरी कळेल. ते मला सुचलं नसतं. तेही करारात घेतलं.

अॅडव्हान्स पंचवीस हजार ठरला. वरचं मीटर वेगळं आहे, रीडिंग मुलांनी स्वतः लिहिलं, गेल्या वर्षीची बिलं मी दाखवली. नळ तीन-चार दिवसांनी येतो हे सांगितल्यावर तिघं गच्चीवर जाऊन टाकी बघून आले आणि आणखी दोनशे लिटरचा पिंप आपल्या पैशानं ठेवतो म्हणाले.

किल्ली दिली आहे. पोलीस ठाण्यात उद्या सकाळी जाते, पोच आणते. अनगोळकर, भिंतींचे आणि नळांचे फोटो काढून पाठवले, गच्चीच्या कठड्याचा राहिला. आज ऊन असताना काढते.